ओसीडीवर गोळी आणि थेरपी दोन्ही: काही महिन्यांनंतरचा अनुभव

ओसीडी म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि ते शमवायला एखादी कृती परत परत करत राहणं. माझा ओसीडी तपासण्याचा. गॅस, कुलूप, इस्त्री, पाठवलेले मेल. हात गॅसच्या बटणावर आहे, बटण बंद दिसतंय, तरी मन मानत नाही. मग पुन्हा चालू करून बंद करायचं, मोबाइलवर फोटो काढायचा आणि वाटेत तो मोठा करून बघायचा. मग फोटो आजचाच आहे ना, ही पुढची शंका. यातून जाणाऱ्यांसाठी जरा सविस्तर लिहितेय.

आधी गोळीबद्दल. मला सर्ट्रालिन दिली, नैराश्यावरही देतात तीच. सुरुवात 50 मिलिग्रॅमने, मग टप्प्याटप्प्याने 150. ओसीडीला नैराश्यापेक्षा बहुतेकदा जास्त डोस लागतो आणि फरक कळायला 8 ते 12 आठवडे जाऊ शकतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. ते माहीत होतं म्हणून मी टिकले. कारण सुरुवातीला मळमळ, बिघडलेलं पोट, उडालेली झोप आणि वर बेचैनी आधीपेक्षा जास्त. हे सगळं हळूहळू ओसरलं. लैंगिक इच्छा कमी झाली ती मात्र अजून तशीच आहे. याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, डोस किंवा औषध बदलण्याचा विचार करता येतो.

गोळीने विचार गेले नाहीत. ‘गॅस राहिला’ हा विचार येतोच, पण पूर्वीसारखा मानगुटीवर बसत नाही. तेवढी उसंत मिळाली म्हणून थेरपीतला अभ्यास जमला.

थेरपी ईआरपी (एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) पद्धतीची. तिची मुळं मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांच्या 1966 मधल्या कामात आहेत. भीती वाटते त्या प्रसंगाला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही, एवढंच तिचं सूत्र. करायला फार अवघड. याआधी मी एका समुपदेशकाकडे जात होते. तिथे विचार आला की मनगटावरचं रबरबँड ओढायला सांगायचे. विचार आणखी चिकटले. म्हणून थेरपिस्ट निवडताना ‘ओसीडीसाठी ईआरपी करता का?’ हे थेट विचाराच.

आम्ही आधी भीतीची उतरंड लिहून काढली, सोप्यापासून अवघडापर्यंत. मेल पुन्हा न वाचता पाठवणं खालच्या पायरीवर, घरात कुणी नसताना गॅस एकदाच बंद करून बाहेर पडणं सगळ्यात वर. फोटो नाही, दारातून मागे वळून बघणं नाही. जिन्यात उभं राहून ‘मी बटण फिरवलं तेव्हा टक असा आवाज आला होता’ असं मनात आठवत बसणं हीसुद्धा तपासणीच, हे मला थेरपीतच कळलं. ‘काही होणार नाही’ असा धीरही स्वतःला द्यायचा नाही. म्हणायचं काय, तर ‘गॅस चालू राहिला असेल, नसेलही’ आणि कामाला लागायचं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा तळहात ओले झाले होते, 100 पैकी भीती 80 च्या वर, आणि ती लवकर उतरलीही नाही. थेरपिस्ट म्हणाल्या, उतरली नाही तरी चालेल, ती असताना तुम्ही कामावर गेलात ना, तेच हवं होतं.

घरच्यांचा वाटा फार मोठा आहे. ‘बंद आहे ना रे?’ असं मी नवऱ्याला विचारायचे आणि तो प्रेमाने ‘हो, मी बघितलंय’ म्हणायचा. त्या ‘हो’ने क्षणभर बरं वाटायचं आणि आजार पोसला जायचा. थेरपिस्टनी त्याला एका सेशनला बोलावलं. आता तो म्हणतो, ‘याचं उत्तर मी देणार नाही, ठरलंय आपलं. चल, चहा टाकतो.’ सुरुवातीला मला रडू यायचं. पण सगळ्या उपचारात मला सर्वांत जास्त याचाच फायदा झाला, असं माझं ठाम मत आहे.

ओसीडी किती तीव्र आहे हे बघायला येल-ब्राउन नावाची 40 गुणांची मोजणी असते. तिच्यावर मी तीव्र गटातून सौम्य गटात आलेय. साधारण 35 टक्के घट झाली तरी उपचार लागू पडले असं मानतात. इस्त्री अजून त्रास देते. थकवा असला, झोप कमी झाली की जुनं डोकं वर काढतं, तेव्हा उतरंडीतली खालची पायरी पुन्हा करते. बरं वाटायला लागल्यावरही गोळी निदान वर्षभर तरी चालू ठेवायची आणि पुढे बंद करायची झाली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करत, असं आमचं ठरलंय.