इमिटेटर की पुमिलिओ?

एक मैत्रीण पहिल्यांदाच डार्ट फ्रॉग, म्हणजे जंगलात विषारी असणारे छोटे रंगीत बेडूक, पाळणार आहे आणि त्यांच्या या दोन जातींत अडकली आहे. दोन्ही जेमतेम 2 सेंटिमीटरचे, दोन्ही देखणे.

खाणं सारखंच: न उडणाऱ्या फळमाश्या, स्प्रिंगटेल (मातीतले बारीक कीटक) आणि वर कॅल्शियमची पूड. माश्यांची पैदास घरीच करावी लागते. ते जमणार नसेल तर दोन्ही नकोत. विषाची भीती सोडा. ते जंगलातल्या मुंग्या-माइट्स खाऊन येतं, बंदिस्त वाढलेल्यांत नसतं.

रंगांत पुमिलिओ सरस. पनामाच्या बोकास देल तोरो बेटांवर लाल, निळे, हिरवे असे कितीतरी प्रकार आहेत. पेरूतला इमिटेटर मात्र शेजारच्या विषारी जातींची नक्षी उचलतो, आणि मला तेच जास्त मोहक वाटतं.

खरा फरक पिल्लांचा. पुमिलिओची मादी प्रत्येक बेडूकमासा पाठीवरून पानांतल्या पाण्यात नेते आणि स्वतःची अफलित अंडी खाऊ घालते. तिने सोडलं तर आपल्या हाताने तो जगवणं जवळपास अशक्य. इमिटेटरमध्ये नर-मादी मिळून पिल्लं सांभाळतात, आणि गरज पडलीच तर ती वेगळ्या कपात साध्या खाद्यावरही वाढतात. शिवाय पुमिलिओचे दोन नर एका टाकीत ठेवले की भांडतात.

दोन्ही घेताना बंदिस्त जन्मलेलेच मागा, विशेषतः पुमिलिओ. जंगलातून पकडलेले विकले जातात.

नवख्याने इमिटेटरची जोडी घ्यावी. फळमाश्या आणि ओलावा वर्षभर बिनचूक सांभाळलेल्याने पुमिलिओकडे वळावं.