ठिबक साहित्याचे नवे संकेतस्थळ: वसमतच्या एका ग्राहकाचा अनुभव

हळद लागवडीच्या ऐन तोंडावर, मे महिन्याच्या अखेरीस, ज्या कंपनीकडून मी चार वर्षे ठिबकचे सुटे साहित्य ऑनलाइन मागवत आलो, तिने आपले संकेतस्थळ बदलले. जुने संकेतस्थळ दिसायला साधे होते. पण त्यातील ‘मागील खरेदी’ या पानावर माझ्या दोन एकरांचा सगळा हिशेब होता: १६ मिमी लॅटरल (पिकाच्या ओळीतली बारीक नळी), तिच्या जोडाच्या भोकात बसणारे रबरी ग्रोमेट, तिला मोठ्या नळीशी जोडणारे टेकऑफ, दोन तुकडे जोडणारे जॉइनर, आणि कोणत्या वर्षी काय किती घेतले ते. नव्या संकेतस्थळावर ते पान कोरे आहे. ग्रोमेट जरासा सैल बसला तरी सबमेनला, म्हणजे लॅटरलना पाणी देणाऱ्या मोठ्या नळीला, गळती लागते आणि शेवटच्या ड्रिपरपर्यंत दाब पोचत नाही, हे ज्याने चिखलात बसून निस्तरले आहे, त्याला त्या नोंदींचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरी अडचण आत शिरण्याचीच आहे. पूर्वी ओटीपी मोबाइलवर येत असे, आता तो ईमेलवर जातो. आमच्या शिवारातील कितीतरी जणांचे ईमेल खाते फोन घेताना दुकानातल्या मुलाने काढून दिलेले असते आणि त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. शेजारचे काका मला म्हणाले, “चार वर्षांचं गिऱ्हाईक मी, अन् आता मलाच विचारतात तुम्ही कोण म्हणून!” त्यांचा राग मला रास्त वाटतो.

पत्त्यात वसमत लिहिले की जिल्हा आपोआप परभणी येतो आणि तो बदलता येत नाही. वसमत ज्यात येते तो हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीच परभणीतून वेगळा झाला. जुन्या संकेतस्थळावर ही चूक नव्हती. म्हणजे नवे उभारताना कुठली तरी फार जुनी यादी न तपासता घेतली गेली असावी.

माझे ४,३६० रुपये यूपीआयने कापले गेले, पण ऑर्डरची नोंद झाली नाही. मदत क्रमांकावर “काम चालू आहे, थांबा” एवढेच उत्तर मिळाले. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने कापलेल्या रकमेची पोच विक्रेत्याला मिळाली नाही, तर ती व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यावी लागते आणि उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. माझे पैसे चौथ्या दिवशी आले. पण एवढा धीर फोनवरच्या माणसाने पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता.

७ जून २०२१ रोजी आयकराचे नवे पोर्टल सुरू झाले, तेव्हाही करदात्यांचे असेच हाल झाले होते; पण तेथे विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवता आली. बेण्याला कोंब फुटल्यावर लागवडीची मुदत कोण वाढवणार? हाच बदल पावसाळ्यात, ठिबक बंद असताना केला असता, किंवा लागवड उरकेपर्यंत जुने संकेतस्थळ सोबत चालू ठेवले असते, तर कोणाचेच अडले नसते.

कंपनीच्या मालाबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचा फिल्टर चार हंगाम उत्तम चालला आहे, म्हणूनच एवढे सविस्तर लिहीत आहे. यंदाचे ग्रोमेट मात्र मी जुना नमुना खिशात घालून नांदेडहून आणले. सध्या पाचपैकी दोन तारे देतो. ‘मागील खरेदी’चे पान परत येईपर्यंत ज्यांच्या फोनमध्ये जुन्या पावत्यांचे स्क्रीनशॉट असतील, त्यांनी ते पुसू नयेत.