वृंदवादन की वृंदगान? ब्रिटनमधले दोन रस्ते

नॅशनल यूथ ऑर्केस्ट्रा १९४८ चा, रूथ रेल्टन यांनी उभा केलेला; नॅशनल यूथ कॉयर, म्हणजे तरुण गायकांचा वृंद, १९८३ चा. ऑर्केस्ट्रात किशोरवयीन मुलं, हात आधीच पक्का तयार असलेली. व्हायोलिनच्या रांगेत सगळ्यांचा गज एकदम वर, एकदम खाली. चुकलं तर प्रेक्षकालाही दिसतं. ट्रॉम्बोन हे पितळी फुंकवाद्य वाजवणारा मात्र आपली पाळी येईपर्यंत कितीतरी वेळ मात्रा मोजत गप्प (आणि मोजणं चुकलं की संपलंच!).

कॉयरला वाद्याचा खर्च नाही, पण म्हणून सोपं समजू नका. लांबलेला स्वर तुटू नये म्हणून गायक आळीपाळीने श्वास चोरतात; शेजाऱ्याने कधी घेतला, हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. सूर धरायला फक्त कान. माझं विचाराल तर वाद्य शिकणाऱ्यानेही आधी दोनेक वर्षं कॉयरमध्ये काढावीत.