शहाबादी की धोलपुरी? अंगणासाठी दगड निवडताना

दोन्ही दगड मुळात गाळच. शहाबादी म्हणजे भीमा खोऱ्यातल्या प्राचीन समुद्रातला चुन्याचा चिखल, धोलपुरी म्हणजे विंध्य खोऱ्यातली वाळू. हा गाळ गाडला गेल्यावर त्याच्या कणांमधल्या फटी कशाने भरल्या, हे मला रंग आणि पॉलिशपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

चुन्याच्या चिखलातली खनिजं हळूहळू विरघळतात आणि कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं स्फटिकरूप खनिज, होऊन पुन्हा जमतात. त्यामुळे शहाबादी गच्च असते, पण कॅल्साइटची कठीणता (1 ते 10 च्या मोह्स मापावर) फक्त 3, आणि आम्लापुढे ते टिकत नाही. लिंबू, चिंच किंवा संडास धुण्याचं अ‍ॅसिड सांडलं की पॉलिश उडालंच. तिथला पांढुरका डाग कितीही घासा, जात नाही. फरशीच्या कडेला नागमोडी मातकट रेघा दिसतात का, तेही बघा. दाबाखाली चुना विरघळून गेला आणि माती मागे उरली, त्या या रेघा. उघड्यावर पापुद्रे बहुधा तिथूनच सुटतात.

वाळूचे कण गारगोटीचे, कठीणता 7. सैल वाळूत सुमारे 40 टक्के पोकळी असते. खोलवर, 70-80 अंशांपुढे, पाण्यातली सिलिका, म्हणजे गारगोटीचंच द्रव्य, त्याच कणांवर नवा थर चढवते आणि कण एकमेकांत घट्ट बसतात. असा दगड पावसाला दाद देत नाही. मात्र वालुकाश्मातल्या फटी कॅल्साइटने भरलेल्या असतील, तर कण शाबूत राहून त्यांचा सांधाच झिजतो आणि पायाखाली रेती सुटते. लाल रंगावर भुलू नका. तो लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप, मजबुतीची खूण नव्हे.

नमुन्याचा तुकडा घरी आणा. खिळ्याने ओरखडून भुकटीवर लिंबू पिळा आणि भिंगातून पाहा. शहाबादीवर बुडबुडे येणारच; धोलपुरीवर आले तर तो माल घेऊ नका. मग कोरड्या भागावर पाण्याचा थेंब सोडा. तो झटकन जिरला तर कोकणपट्टीत तो दगड टाळा, कारण आत शिरलेलं मीठ स्फटिक होऊन पृष्ठभाग फोडतं.

उघड्या अंगणाला आणि पायऱ्यांना मी सिलिकाने बांधलेली धोलपुरीच घेईन, महाग पडली तरी. ओसरीला आणि आतल्या खोल्यांना शहाबादी उत्तम. स्वयंपाकाच्या ओट्याला मात्र दोन्ही नकोत: एकीला लिंबू खातं, दुसरीत तेल-हळद मुरते.