रत्नागिरीतल्या लॅबची घरी येऊन रक्त घ्यायची सर्विस: बाकी सगळं चालेल, पोटॅशियम नको

लॅबचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तक्रार पण आहे आणि आपलं शहर केवढंसं. मी ट्रान्स बाई आहे, एचआरटी (म्हणजे हार्मोनची ट्रीटमेंट) चालू होऊन दीड वर्ष झालं, डॉक्टर कोल्हापूरला. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्तातल्या हार्मोनच्या लेव्हल बघायच्या असतात, तेवढ्यासाठी दर वेळी आंबा घाट कोण चढणार, म्हणून ही सर्विस लावली.

रक्त घ्यायला येणारी ताई एक नंबर आहे. सात म्हणजे सात. पावसात आमच्या पाणंदीत स्कूटर येत नाही तर खाली लावून चालत येते, आणि पहिल्याच दिवशी "नाव काय लावू तुमचं?" असं साधं विचारलंन, एवढंच. सकाळची इस्ट्रोजेनची गोळी रक्त दिल्यावरच घ्या, आणि केसांसाठी बायोटिन खाताय का, खात असाल तर दोनतीन दिवस आधी बंद करा नाहीतर हार्मोनचे आकडे भलतेच येतात, हे पण तिनेच सांगितलं. मी तर तेव्हा बायोटिनच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खात होते.

रिपोर्टचं मात्र डोकं फिरतं. सॉफ्टवेअरमध्ये मी अजून पुरुष, त्यामुळे एस्ट्राडिओल (म्हणजे इस्ट्रोजेनच) १३८ आलं की लाल अक्षरात हाय, टेस्टोस्टेरॉन ३२ आलं की लो. अहो तेच तर पाहिजे! डॉक्टरांचं टार्गेटच एस्ट्राडिओल १०० ते २००, टेस्टोस्टेरॉन ५० च्या खाली. पहिल्यांदा तो लाल रंग बघून माझी रात्रभर झोप उडाली होती, त्यामुळे नवीन कोणी असेल तर छापलेली रेंज बघू नका, डॉक्टरांना फक्त आकडा पाठवा.

आता मेन तक्रार. मी स्पायरोनोलॅक्टोन (टेस्टोस्टेरॉन दाबायची गोळी) पण घेते, ते शरीरात पोटॅशियम धरून ठेवतं म्हणून ती टेस्ट करावीच लागते. मे महिन्यात ५.९ आलं, म्हणजे बरंच जास्त. डॉक्टरांचा लगेच फोन, आजची गोळी थांबव, आत्ताच्या आत्ता लॅबमध्ये जाऊन परत रक्त दे आणि ईसीजी काढ. लॅबमध्ये गेले तर काउंटरवरचा भाऊ म्हणतो, "सॅम्पल हिमोलाइज झालेलं दिसतंय." म्हणजे रक्ताच्या पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच चढतो. अरे मग रिपोर्टवर लिहायला काय झालं होतं? आमच्याकडून शहरापर्यंतचा रस्ता, खड्डे, डिकीतली बाटली, वर उन्हात अजून चार घरं करत जायचं, आणि शीर दिसावी म्हणून मी मूठ उघडझाप करत होते, त्याने पण वाढतं म्हणे.

पण सगळा दोष स्कूटरचा नाही. ईसीजी ठीक निघाला, तिथल्या तिथे दिलेल्या रक्तात ५.१ आलं, म्हणजे काठावरच. डॉक्टरांनी विचारलं घरात मीठ कुठलं वापरता. बाबांच्या बीपीसाठी आईने कमी सोडियमवालं मीठ आणलेलं, त्यात थोड्या सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं! त्यावर रोज दोन शहाळी, "अगो उन्हाची आलीस, पी जरा" म्हणून आईच कोयती घेऊन उभी. स्पायरोनोलॅक्टोनची गोळी लघवीला पळवते, तहान लागते, खारट खावंसं वाटतं, मग शहाळ्यासारखं दुसरं काय असणार, पण तेच नडलं. आता आई माझी भाजी साध्या मिठाची वेगळी काढते, आणि शहाळं डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच. कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी आणि काट्यासकट मांदेली चालू आहे, त्याला कोणी नको म्हणालं नाही. सोयाबीनच्या वड्या खाऊन इस्ट्रोजेनची लेव्हल वाढते हे मात्र विसरा, मी चार महिने खाल्ल्या, गॅस सोडून काही वाढलं नाही.

तर पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातले तीन ताईचे. हार्मोन, लिव्हर, लिपिड घरून द्या, पोटॅशियमला स्वतः लॅबमध्ये जा आणि मूठ सैल ठेवा. रेंजचं मी काउंटरवर परत बोलले, तर भाऊ म्हणाला सॉफ्टवेअर ऐकत नाही, आणि पेनाने लाल हाय खोडून शेजारी "ओके" लिहून दिलंन.