एआय लॅबचं कोटेशन मागवण्याआधी: गूगल कोलॅब वापरून पाहा

निकाल आधीच सांगून टाकते. कॉलेजात एआय शिकवायचं असेल आणि खिशात पैसे नसतील, तर ब्राउझरमध्येच पायथनचा कोड चालवायची गूगलची फुकट सोय, म्हणजे गूगल कोलॅब, हिला पर्याय नाही. पैसे असतील तरी पहिलं वर्ष कोलॅबवरच काढावं, मग काय विकत घ्यायचं ते ठरवावं, असं माझं मत आहे. आमच्या खरेदी समितीला ते अजून पटलेलं नाही.

मी सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवते. लॅबमधली बहुतेक मशिनं ४ जीबी रॅमची. पूर्वी पायथनच्या प्रॅक्टिकलआधी प्रत्येक मशिनवर अ‍ॅनाकोंडा (पायथन आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बसवणारं पॅकेज) बसवायचं म्हणजे लॅब असिस्टंटची सुट्टी गेलीच. त्यातून एखाद्या मशिनवर व्हर्जन वेगळं निघालं की अर्धा तास त्यातच जायचा. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून आमच्याकडं बीकॉमची आणि बीएची पोरंही ओपन इलेक्टिव्ह म्हणून या पेपरला बसतात. त्यांना ‘पाथ सेट करा’ म्हणून सांगण्यात काही अर्थ नाही.

कोलॅबमध्ये यातलं काहीच करावं लागत नाही. ब्राउझर उघडायचा, जीमेलनं आत जायचं, नवी नोटबुक घ्यायची. चौकटीत कोड लिहायचा, शेजारचं त्रिकोणी बटण दाबायचं. कोड चालतो गूगलच्या मशिनवर, उत्तर दिसतं आपल्याकडं. आमची मशिनं नुसती खिडकी म्हणून उरतात, आणि तेवढं त्यांना झेपतं. पलीकडं साधारण १२ जीबी रॅम मिळते. नमपाय, पांडाज, सायकिट-लर्न, टेन्सरफ्लो, पायटॉर्च या एआयला लागणाऱ्या पायथनच्या लायब्ररी, सगळं आधीच बसवलेलं असतं. मेन्यूतून रनटाइम बदलला तर एनव्हिडियाचं टी४ हे १६ जीबी मेमरीचं जीपीयू कार्डही, म्हणजे मॉडेल झपाट्यानं शिकवणारं, फुकटात मिळतं, अर्थात त्या वेळी शिल्लक असेल तर.

आमच्यासारख्यांना महत्त्वाची असलेली एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. डेटासेट कोडमधूनच उतरवून घेतला तर तो थेट गूगलच्या मशिनवर उतरतो, आपल्या नेटवर नाही. आमच्या लॅबला एकच कनेक्शन आहे. त्यावर वर्गातल्या प्रत्येकानं हजारो चित्रं डाउनलोड करायची म्हटली तर संध्याकाळ झाली असती. कोलॅबमध्ये आपल्यापर्यंत येतो तो फक्त मजकूर आणि आलेख. एका पोरानं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अख्खं प्रॅक्टिकल केलं आणि दिवसाचा डेटा उरला म्हणून वर क्रिकेटही बघितलं.

आता जे खरं शिकवता आलं त्याबद्दल. सगळीकडं सुरुवात हातानं लिहिलेल्या इंग्रजी आकड्यांच्या एमनिस्ट या डेटासेटनं होते: ६०,००० चित्रं शिकवायला, १०,००० तपासायला. मी तो एकदा दाखवून बाजूला ठेवला आणि देवनागरीचा हस्ताक्षर डेटासेट घेतला. २०१५ मध्ये नेपाळच्या संशोधकांनी तो प्रसिद्ध केला आणि तो सगळ्यांसाठी खुला आहे. ९२,००० चित्रं, प्रत्येक ३२ गुणिले ३२ ठिपक्यांचं, काळ्यावर पांढरं अक्षर. ४६ वर्ग आहेत: क पासून ज्ञ पर्यंत ३६ अक्षरं आणि १० अंक. प्रत्येक वर्गाची १,७०० चित्रं शिकवण्यासाठी, ३०० परीक्षेसाठी.

पोरांनी ही चित्रं दाखवून अक्षर ओळखणारं मॉडेल शिकवलं, परीक्षेत त्याला नव्वदीच्या वर मार्क पडले, वर्ग खूश. मग मी म्हटलं, आता स्वतःचं आडनाव कागदावर लिहा, एकेक अक्षर कापून मॉडेलला वाचायला द्या. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, ह्यात ळ नाहीच की!’

नाहीच. नेपाळीला ळ लागत नाही, त्यामुळं त्या छत्तिसांत तो नाही. आणि आमच्या वर्गात माळी, कोळी, साळुंखे, कांबळे बाकाबाकावर. मॉडेल मात्र ‘मला येत नाही’ असं म्हणत नाही. त्याला ४६ खोक्यांपैकी एक निवडायचंच असतं. एका मुलीच्या ळ ला त्यानं क म्हटलं, तेही नव्वद टक्क्यांवर खात्रीनं. एआय ठामपणे चुकीचं का बोलतं यावर मी तासभर बडबडले असते तरी जे पोचलं नसतं, ते त्या एका ओळीत पोचलं. ल आणि श चाही गोंधळ झाला, कारण आपण मराठीत ते ज्या वळणानं काढतो तसे ते त्या चित्रांत नव्हते. नेपाळी झ चं वळणही आपल्यापेक्षा वेगळं.

मग ळ आम्हीच गोळा करायचं ठरलं. पहिल्या फेरीत पोरांनी वहीच्या रेघी पानावर लिहून फोटो काढले. वहीची निळी रेघ आणि शिरोरेषा चित्रात एक झाल्या, वर ट्यूबलाइटच्या उजेडात हाताची सावली. मॉडेल अक्षर सोडून रेघच शिकायला लागलं. दुसऱ्या फेरीला कोरे कागद घेतले, जाड पेन, खिडकीजवळचा उजेड. चित्र उलटं करायचं म्हणजे पांढऱ्यावरचं काळं अक्षर काळ्यावरचं पांढरं होतं, मग चारी बाजूंनी दोन ठिपक्यांची मोकळी जागा सोडायची, मूळ डेटासेटमध्ये आहे तशी. मॉडेलच्या शेवटच्या थरात, जिथं उत्तर निवडलं जातं, ४६ च्या जागी ४७ लिहायचे. तरीही बाकीच्यांची १,७०० चित्रं आणि ळ ची काहीशे, म्हणून मॉडेल ळ ला बुजतच होतं. तेव्हा चित्रं थोडी फिरवून, थोडी सरकवून संख्या वाढवायची युक्ती शिकवली. पाठ्यपुस्तकात या दोन गोष्टींची, म्हणजे वर्गांमधला असमतोल आणि चित्रं वाढवणं यांची, दोन स्वतंत्र प्रकरणं आहेत आणि दोन्ही कंटाळवाणी. इथं पोरं स्वतःहून विचारत होती.

हे सगळं कोलॅबवर झालं याचा फायदा असा की मी एक नोटबुक तयार केली, लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, आणि जो आजारी होता त्यानंही घरून केलं. फक्त पोरांना पहिल्या दिवशी बजावून सांगा की लिंक उघडली की आधी ड्राइव्हमध्ये स्वतःची प्रत ठेवायची. नाहीतर तासभर केलेलं काम पान बंद करताच गेलं.

मराठीच्या बाबतीत एकच रड आहे आणि ती कोलॅबची नाही, आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबची आहे. मराठी शीर्षक दिलं की ओळीनं चौकोन येतात, कारण त्याच्या नेहमीच्या फाँटमध्ये देवनागरी नाही. नोटो फाँट आणून जोडला तर अक्षरं दिसतात, पण ‘किंमत’ची पहिली वेलांटी क च्या मागं जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. पायथनला स्वतःला मराठीचं वावडं नाही. ‘गुण’ नावाचं व्हेरिएबल करून त्यात मार्क ठेवा, मुकाट्यानं चालतं. बीएच्या पोरांची भीती मोडायला मी पहिल्याच तासाला हे दाखवते.

आता ज्यावर माझं आणि सहकाऱ्यांचं वाजतं ते. कोलॅबमध्ये जेमिनी हे गूगलचं एआय बसवलेलं आहे. काय हवं ते लिहा, कोड तयार. एरर आली की खाली ‘समजावून सांगू का’ म्हणून बटण हजर. ज्याला कोड येतो त्याला हे वरदान. ज्याला अजून लूप कळलेला नाही त्याच्या हाती दिलं की पहिल्या दहा मिनिटांत प्रॅक्टिकल संपतं आणि डोक्यात काही उतरत नाही. सेटिंग्जमध्ये ही सगळी एआय मदत लपवायची सोय आहे. मी निम्मं सेमिस्टर ती लपवायला लावते, नंतर उघडते. पोरं घरी चालू करणार हे मला ठाऊक आहे. म्हणून मार्क नोटबुकला कमी आणि तोंडीला जास्त. स्क्रीनवरच्या एका ओळीवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, ‘ही काढली तर काय होईल?’ शिवाय नोटबुकचा बदलांचा इतिहास ड्राइव्हमध्ये राहतो. सगळा कोड एका दमात येऊन पडलाय की हळूहळू वाढलाय, ते त्यात दिसतं. माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं, नोकरीत हेच वापरायचंय तर लपवायचं कशाला. त्यांच्या बॅचची तोंडी एकदा बाहेरच्या परीक्षकानं घ्यावी, एवढंच मी म्हणेन.

मर्यादा आहेत आणि त्या गूगलनंच लिहून ठेवल्यात: फुकटात कशाचीच हमी नाही. जीपीयू कधी मिळतो, कधी नाही. नोटबुक जास्तीत जास्त १२ तास चालते, आणि हात न लावता ठेवली तर त्याआधीच सेशन तुटतं. सेशन संपलं की त्या मशिनवर चढवलेल्या फायली जातात, त्यामुळं ळ ची चित्रं ड्राइव्हवरच ठेवायची. तिथं दुसरीच गंमत. ड्राइव्हची फुकट जागा १५ जीबी, त्यातच जीमेल, फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप. अर्ध्या पोरांची जागा लग्नांच्या व्हिडिओंनी भरलेली. पहिल्या प्रॅक्टिकलआधी ‘ड्राइव्ह साफ करून या’ अशी सूचना फळ्यावर लिहावी लागते. कॉलेजचा ईमेल आयडी वापरणार असाल तर कोलॅब चालू आहे का ते अ‍ॅडमिनकडून आधी पाहून घ्या. मोबाइलवर नोटबुक उघडते, वाचता येते, पण त्या कीबोर्डवर पायथनची स्पेस मोजत बसणं हा छळ आहे.

प्रशिक्षणाबद्दलही थोडं. मध्यंतरी एका कंपनीनं आमच्या प्राध्यापकांना एआय शिकवलं. नाव घेत नाही. माणशी फी, चकचकीत प्रमाणपत्र, रोबोचे व्हिडिओ, भविष्याबद्दल भरपूर बोलणं आणि एकाही प्राध्यापकाच्या हातून एक ओळ कोड नाही. त्यापेक्षा आयआयटी मुंबईची स्पोकन ट्युटोरियल बरी. मराठीतून ऐकता येतात, थांबवून करून बघता येतात. कॉमर्सच्या सहकाऱ्यांना मी स्वयम प्लस या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचा आयआयटी मद्रासचा अकाउंटिंगमधल्या एआयचा मोफत कोर्स सुचवते. क्रिकेटच्या आकडेवारीवरचाही आहे, आणि वर्गातली निम्मी पोरं आपण सांगायच्या आधीच तिथं पोचलेली असतात.

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क त्या जेमिनीच्या बटणाचा. ते लपवायची सोय शिक्षकाच्या हातात, अख्ख्या वर्गासाठी एकदम हवी होती. आत्ता प्रत्येकाच्या मागं उभं राहून सेटिंग बदलून घ्यावं लागतं.

जीपीयू नाहीच मिळाला तर हाताशी कॅगल ही कोलॅबसारखीच दुसरी साइट ठेवा. तिथं आठवड्याला साधारण ३० तास जीपीयू मिळतो आणि नोटबुक तशीच चालते. पण त्यासाठी आधी फोन नंबर पडताळून घ्यावा लागतो. ते काम पोरांना घरी उरकून यायला सांगा. आमच्या लॅबमध्ये रेंज फक्त दाराजवळच्या खिडकीत येते, आणि ओटीपीसाठी अख्खी बॅच तिथं रांगेत उभी राहिली की प्राचार्य ‘काय चाललंय’ म्हणून विचारायला येतात.