ग्रीसच्या युद्धकाळातल्या चार नोटांचा संच: घ्यावा का?

संचात 1944 च्या चार नोटा आहेत: 10 लाख, 20 कोटी, 200 कोटी आणि 10,000 कोटी द्राख्मा. शेवटची 3 नोव्हेंबरची. आठ दिवसांत, 11 तारखेला, 5,000 कोटी जुन्या द्राख्मांना एक नवा असा दर ठरला. म्हणजे या नोटेची किंमत उरली दोन द्राख्मा!

देखणी मात्र 10 लाखांचीच. पुढे अँटिकिथेराचा तरुण हा प्राचीन ब्राँझ पुतळा, मागे सुनियनचं पोसायडन मंदिर.

विक्रेत्याच्या वर्णनात 'कोरी' लिहिलंय, पण 200 कोटींची नोट दिव्यासमोर तिरपी धरली की मधली घडी दिसते. घडी लपवायला धुऊन इस्त्री केलेली नोट सपाट दिसते, पण कागदाचा करकरीतपणा जातो आणि छपाईचा उठाव दबतो. अशा नोटेला कोऱ्याचा भाव देऊ नका.

सोबतची पाकिटं पीव्हीसीची आहेत, ती लगेच काढा. कालांतराने प्लास्टिक चिकट होऊन नोटेवर डाग पाडतं. पॉलिएस्टरची घ्या, टेप नको.

आणि 'संपूर्ण ताबाकाळ' (दुसऱ्या महायुद्धात ग्रीस परक्या सैन्यांच्या ताब्यात होता तो काळ) हे संचाचं नाव फसवं. इटालियनांनी आयोनियन बेटांसाठी काढलेली एकही नोट यात नाही. या चारही सहज मिळणाऱ्या; सुट्या घेतलेल्या बऱ्या.